साखळी ओढण्याआधी

मित्रांनो, मी एक जुनी फ्लशची टाकी आहे. संडासाच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, पस्तीस वर्षं बसून आहे. नवी होते तेव्हा माझं फार कौतुक झालं. एका झटक्यात सगळं साफ, असं घरमालक पाहुण्यांनाही सांगायचे. आता कोणी मान वर करून बघत नाही. खरं सांगू, भरून भरून आणि रिकामी होऊन मी थकले आहे.

या घरात एक पेंटर राहतो. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि ब्रश इथेच धुतो. त्यामुळे खाली रंगाचे ओघळ नेहमीचेच. बायको बोलून बोलून दमली.

गेल्या वर्षी मला वेगळाच लाल दिसू लागला. पेंटरला शौचातून रक्त जात होतं. पहिल्या दिवशी त्याचं तोंड उतरलं. मग मूळव्याध असेल अशी स्वतःची समजूत घालून त्याने साखळी ओढली. मी इमानेइतबारे सगळं धुऊन टाकलं. असं चार महिने चाललं. एखादा डाग राहिलाच, तर तो रंगाचाच समजून बायको ब्रशवरून ओरडायची आणि तो मुकाट्याने ऐकून घ्यायचा. त्याची विजार सैल झाली, जिना चढताना धाप लागू लागली. मला माझ्याच पाण्याची लाज वाटायची.

एके सकाळी माझा आतला, पाणी खाली सोडणारा दट्ट्या अडकला. कधीची गळत होते, पण लक्ष कोण देणार? पेंटरने तीनदा साखळी ओढली. पाणी आलं नाही. तो बादली आणायला गेला, तेवढ्यात बायको आत आली. खालचा लाल बघून या वेळी ती ओरडली नाही.

“अहो, आठवडाभर तुम्ही निळाच रंग लावताय ना?”

पेंटर बादली धरून उभा राहिला. “मूळव्याध असेल गं.”

“असेल. पण ते डॉक्टरांनाच ठरवू दे.”

त्याच दिवशी ती त्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला बाहेरच्या बोलण्यातून कळलं. लाल रक्त बऱ्याचदा मूळव्याधीचं असतं, पण तपासल्याशिवाय ते कोणीच सांगू शकत नाही. शौच डांबरासारखं काळं झालं, तरी ते रक्त असू शकतं. रक्त खूप गेलं किंवा चक्कर आली, तर तडक दवाखाना गाठायचा. तपासणीत पेंटरच्या आतड्यात गाठ निघाली. अजून पसरली नव्हती, म्हणून ऑपरेशन करून काढता आली.

मित्रांनो, मी घाण धुते, दुखणं नाही. लाजू नका. साखळी ओढण्याआधी एकदा खाली बघा, आणि काही दिसलं तर घरात सांगा.

माझा दट्ट्या आता दुरुस्त झाला आहे. परवा पेंटर बराच वेळ साखळी धरून खाली बघत राहिला. मग दार किलकिलं करून म्हणाला, “आज काही नाही गं.”

बाहेर भांडी घासायचा आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. त्याने साखळी ओढली, आणि कितीतरी दिवसांनी मी मोकळ्या मनाने रिकामी झाले.