झाकणावरची तारीख

पेंटरकाकांच्या परसात पावसाचं पाणी साठवायची दोन पिंपं होती. नगरपालिकेच्या नियमात एका घराला दोनच बसत. पाणी भरल्याची तारीख झाकणावर खडूनं लिहायची आणि दहा दिवसांत ते वापरून संपवायचं, नाहीतर डास होतात म्हणून दंड. काकांना नियम तोंडपाठ होता, कारण बायको तो डोळ्यांत तेल घालून पाळायची आणि त्यांच्याकडूनही पाळून घ्यायची.

ती जुलैत गेली. त्याच्या दोनच दिवस आधी तिनं डावीकडच्या झाकणावर लिहिलं होतं, १४ जुलै. शब्दाच्या डोक्यावर रेघ नाही. ती जन्मात कधी देत नसे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याची बायको असून उघडीबोडकी अक्षरं काढते, म्हणून काका तिला चाळीस वर्षं चिडवत आले. "तुमच्या पाट्यांना घाला छप्पर, माझं तसंच चालतं," असं म्हणून ती खडू कनवटीला लावायची.

तेव्हापासून काका ते पिंप दर दहा दिवसांनी रिकामं करत, घासत, पावसानं भरलं की झाकण लावत. तारीख तेवढी बदलत नव्हते. फार दुःख होत होतं म्हणावं तर तसंही नाही. काहीच होत नव्हतं. पुढ्यात येईल ते जेवायचं, पिंप घासायचं, की संपला दिवस.

ऑक्टोबरात नगरपालिकेचा तपासनीस आला. उजवं झाकण ठीक होतं, सुनेनं त्यावर परवाची तारीख टाकली होती. डावं पाहून त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"काका, तीन महिन्यांचं पाणी?"

"पाणी परवाचंच आहे."

त्यानं झाकण उचलून आत पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता.

"असेल. पण मला लिहिलेलं बघावं लागतं. फडकं मारा, परवाची तारीख टाका. मी काही बघितलं नाही."

माणूस भला होता. सुनेनं फडकं ओलं करून आणलंसुद्धा. काकांनी ते पिळलं. पुन्हा पिळलं.

"रिकाम्या पिंपाला तारीख लागते का?"

"रिकाम्याला कसली तारीख?"

काकांनी झाकण भिंतीशी उभं केलं आणि तोटी पूर्ण सोडली. मोसमातलं शेवटचं पाणी होतं ते. पिंप रिकामं व्हायला बराच वेळ लागला आणि तोवर तिघंही नुसती बघत उभी राहिली. तपासनिसानं कागदावर बरोबरची खूण केली आणि बूट झटकत तो गेला.

सून जरा घुटमळली.

"बाबा, रागावू नका. ती तारीख आता आईंच्या हातची राहिली नाही. गेल्या महिन्यात फार पुसट झाली होती, म्हणून मी गिरवली. दोनदा."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"तू जुलैवर रेघ मारलीस."

तिनं वाकून पाहिलं. रेघ होती, सरळ आणि ठळक.

"मग एवढं पाणी कशाला सोडलंत?"

काकांनी झाकण उचलून खडूला हात लागणार नाही असं छातीशी धरलं.

"आता ती तुम्हा दोघींची आहे," ते म्हणाले, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना रडू आलं.