एकही दुरुस्ती नाही

कारखान्यात दुरुस्त्या मोजणारी नवी सिस्टिम आली आणि महिन्याभराने साहेबांनी मला स्क्रीनसमोर उभं केलं.

"अहो फिटर, महिनाभरात तुमची एकही दुरुस्ती नाही. तुमच्या मेव्हण्याच्या एक्केचाळीस!"

माझं डोकंच फिरलं. "साहेब, मी रोज सकाळी माझ्या वीसही मशीनना तेल घालतो, पट्टे तपासतो. ती बंदच पडत नाहीत, तर दुरुस्ती काय माझ्या कपाळाची करू?"

"ते सिस्टिममध्ये कुठे दिसतं?"

बक्षीस मेव्हण्याला मिळालं. घरी बायकोला भावाचं किती कौतुक करू नि किती नको, असं झालं.

दुसऱ्या दिवशी मी तेलाचा डबा कपाटात कोंबला, कुलूप घातलं आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर आपटली.

"पुढच्या महिन्यात पन्नास करून दाखवतो!"