छोट्याचं चाक

गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मालकाचं तोंड कधी बंद नसायचं. साठी उलटली तरी सगळे त्याला छोट्याच म्हणत. पंक्चर काढायला येईल त्याला याचं बालपण ऐकावंच लागे. "आमच्या वेळी कुठले मोबाइल न् कुठलं काय! स्पोक काढलेली एक रिम, हातात काठी, की झाली दुनिया आपली!" ऐकून ऐकून गल्लीचे कान किटले होते. बायको तर तोंडावर सांगायची, "अहो, आधी पंक्चर काढा. बालपण काही पळून जात नाही."

पण बिचारा उगाच बडबडत नव्हता. आईवडील गेले, सवंगडी पांगले. ते दिवस डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, त्याची थोरली बहीण, अक्का. तिनं एकदा "हो रे, काय मजा होती!" एवढं म्हटलं असतं तरी तो भरून पावला असता. आणि नेमकी तीच म्हणत नव्हती. विषय निघाला की "हं" करायची आणि भाजी निवडायला घ्यायची.

त्या आठवड्यात अक्का राहायला आली. नर्स म्हणून आयुष्यभर वॉर्ड पालथे घातलेली बाई. सत्तरीला आली तरी पाय खणखणीत. छोट्यानं ठरवलं, आता हिला सोडायचं नाही. त्यानं एका जुन्या रिमचे स्पोक काढले, गंज घासला, सरळशी काठी तासली आणि संध्याकाळी अक्काला दुकानासमोर आणून उभं केलं. मोबाइलमध्ये मुंडी खुपसून बसलेल्या पोरांनाही हाक मारली. "बघा रे, याला म्हणतात खेळ!"

चाक सुटलं. खडखडत निघालं, आणि लेंगा सावरत छोट्या त्याच्या मागे. कोपऱ्यापर्यंत जाऊन, वळवून, धापा टाकत परत आला. पोरांनी चक्क टाळ्या पिटल्या. मग काय, गडी हवेतच!

"आठवतंय ना, अक्का? रोज तू कोपऱ्यावर उभी असायचीस. काय मजा यायची!"

"तुला यायची," अक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"अरे, मी उभी कशाला असायचे? तुझ्या चपला धरून! पळताना झिजतात म्हणून बाबा काढायला लावायचे. एकदा कुणीतरी उचलून नेल्या आणि मार मी खाल्ला. तेव्हापासून तुझा खेळ संपेस्तोवर मी चपला पोटाशी धरून उभी."

"मग चाक मागायचं ना गं!"

"मागितलं होतं की. तू म्हणालास, मग चपला कोण धरणार?"

आवाजात राग नव्हता, कुणाचा ताप किती ते सांगावं तशी सांगत होती. छोट्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानं आठवून पाहिलं. चाक होतं, धूळ होती, कानात शिरणारा वारा होता. कोपऱ्यावर अक्काही होती. तिच्या हातात काय होतं, ते मात्र काही केल्या दिसेना. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं काठी पुढे केली.

"शहाणाच आहेस! या वयात? लोक काय म्हणतील?" म्हणता म्हणता तिनं काठी घेतलीसुद्धा. पदर खोचला. चाक दोन पावलांत आडवं झालं. मग भिंतीवर आपटलं. "आजी, काठी थोडी खाली लावा!" पोरं ओरडली. आणि मग ते गेलं. वाकडंतिकडं, पण गेलं! अक्का मागे, पोरं तिच्या मागे, नुसता कालवा.

छोट्या कोपऱ्यावर उभा राहिला. फेरीमागून फेरी झाली. त्याचे गुडघे बोलायला लागले.

"अक्का, पुरे आता. दिवे लागले."

"थांब रे, आणखी एक!"

बऱ्याच वेळानं ती त्याच्यापाशी येऊन थांबली. केस सुटलेले, तोंड लाल, श्वास पोटात मावेना.

"छोट्या, खरंच रे! मला वाटायचं, तू थापा मारतोस. काय मजा आहे यात!"

ज्या शब्दांसाठी तो इतकी वर्षं आसुसला होता, ते अखेर मिळाले होते.

"एवढी मजा होती," अक्का हसत म्हणाली, "तर तेव्हा एकदा तरी द्यायचं होतंस रे." आणि उत्तराची वाट न बघता ती पुन्हा चाकामागे पळाली.