वेशीखालून गोसलँबाबा

अर्सेन लँबेर रविवारी सकाळी सात वाजता मापाची काठी घेऊन वेशीशी आला, आणि त्याच्या तोंडून अशी काही शिवी बाहेर पडली की समोरच्या बेकरीवालीने फटकन खिडकी लावून घेतली.

काठी कमानीला अडली होती. एकतीस वर्षं तो जत्रेच्या सकाळी ही काठी वेशीखालून नेत आला होता, नुसती रीत म्हणून. दरवर्षी काठी आणि कमानीच्या दगडात दोन बोटं जागा उरायची. आज काठी आत शिरेचना.

"मेला रस्ता वर आलाय!" तो म्हणाला.

आणि खरंच आला होता. उन्हाळ्यात वाल्मेर गाव बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या चाकांच्या बॅगा खडखडू नयेत, बाबागाड्या अडू नयेत, म्हणून नगरपालिकेने जुन्या खडबडीत दगडांवर काँक्रीट ओतून वर गुळगुळीत फरशा बसवल्या होत्या. गुरुवारी फीत कापली, मेयरबाईंचं भाषण झालं, वाइन वाटली. एवढी शहाणी माणसं जमली होती, पण कमान मोजायची बुद्धी एकालाही झाली नाही. अर्सेनला तरी कुठे झाली? तोही हातात ग्लास धरून टाळ्या वाजवत होता.

आता वाल्मेरच्या बाहेरच्या माणसाला वाटेल, अकरा सेंटिमीटरचं ते काय! पण अकरा सेंटिमीटरने गावाचं नाक कापलं जाणार होतं. गोसलँबाबा म्हणजे वाल्मेरचा राक्षसाएवढा पुतळा, वेताच्या सांगाड्याचा, बहात्तर किलोंचा. लाल झगा, पांढरी दाढी, डोक्यावर पीस खोवलेली रुंद टोपी. झग्याच्या आत एक माणूस शिरतो, आडव्या दांड्या खांद्यांवर घेतो आणि त्याला नाचवतो. खरा गोसलँ हा इथला बिअर गाळणारा. याच वेशीत शत्रूच्या सरदाराने त्याला टोपी काढायला सांगितली, आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "डोकं घे, टोपी नाही मिळायची." तेव्हापासून जत्रेला बाबा टोपी घालूनच वेशीखालून जातो. आतल्या माणसाने गुडघे वाकवून, नाचत, बारा पावलं टाकायची, आणि टोपी दगडाला लागू द्यायची नाही. मापाची काठी बरोबर या वाकलेल्या बाबाएवढी. नाचवणारे पाच, पण वेशीखालची बारा पावलं एकट्या अर्सेनची. एकतीस वर्षांत टोपीचं पीससुद्धा कधी घासलं नव्हतं, आणि हे तो अनोळखी माणसालाही पाच मिनिटांत सांगायचा.

साडेसातला मेयरबाई धावत आल्या.

"अर्सेन, एक वर्ष टोपी काढली तर नाही का चालणार? लगेच पुन्हा घालू की."

अर्सेनने त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंनी स्वतःच्याच डोक्यावरची हॅट चाचपली.

"मग बाहेरच्या रस्त्याने नेऊ. सुपरमार्केटच्या बाजूने."

"न्या ना," वेशीजवळ खुर्ची टाकून बसलेला लेऑन्सकाका म्हणाला. हा अर्सेनच्या आधीचा नाचवणारा. वय एकोणऐंशी, जीभ विशीची. "शत्रूला नाही भ्यायला, फरशीला भ्यायला! पाहुण्यांना सांगू, बाबा कांदे-बटाटे आणायला गेलाय."

"फरशा उखडा," अर्सेन म्हणाला.

"काँक्रीट आहे हो!" मेयरबाई म्हणाल्या. "दोन दिवस लागतील. तीन वाजता मिरवणूक."

"मग मी आणखी खाली वाकेन."

त्याने आणि इतर चौघांनी नाचवणाऱ्यांच्या मंडळाच्या खोलीतून बाबाला बाहेर काढलं. अर्सेन आत शिरला, दांड्या खांद्यावर घेतल्या, वेशीशी येऊन गुडघे वाकवले. आणखी वाकवले. तिसऱ्या पावलाला उजव्या गुडघ्यातून कळ आली आणि अर्सेन झग्यासकट फरशीवर बसला. चौघांनी वरून सांगाडा धरला म्हणून बाबाची दाढी वाचली. बाकीचे चौघे तर अर्सेनपेक्षाही उंच. त्यांनी प्रयत्नही केला नाही.

अर्सेन झग्याखालून रांगत बाहेर आला. एकोणसाठ वर्षांचा माणूस, मेयरबाईंसमोर, मंडळासमोर फरशीवर बसलेला. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग बरा म्हणून तो फरशीला शिव्या घालत राहिला.

तेवढ्यात त्याची मुलगी क्लेमांस आली. वय सव्वीस, बिअरसाठीच्या माल्टच्या गोदामात कामाला, पन्नास किलोंचं पोतं खांद्यावर टाकून जिना चढणारी. उंची मात्र एक मीटर सहासष्ट. बाबाला नाचवायचं म्हणून तिने चार वर्षं अर्ज केला होता, आणि मंडळाने चारही वर्षं नाकारला होता. नियम सरळ होता: पावणेदोन मीटरहून कमी उंचीचा माणूस नको, गोसलँबाबा बुटका दिसतो. मंडळात हात वर करून मत देतात. चारही वेळा अर्सेनचा हात तिच्या विरोधात वर गेला होता.

तिने काठी घेतली, कमानीच्या दगडाला टेकवली, आपल्या खांद्याकडे पाहिलं आणि बापाच्या खांद्याकडे पाहिलं. हिशोब अर्सेनलाही कळला. त्याचा खांदा तिच्यापेक्षा चौदा सेंटिमीटर वर होता.

बाबाचं अडायचं नाही, पण मग अर्सेन स्वतः कोण? जत्रेच्या दिवशी वाल्मेरमध्ये नुसता अर्सेन म्हणून कधी उभं राहावं लागलं नव्हतं त्याला.

"चार वर्षं मी तुझ्याविरुद्ध हात वर केला," तो म्हणाला.

"माहितीय. खिडकीतून बघत होते मी."

"मग आज का करतेस?"

"तुझ्यासाठी नाही करत, बाबा. गोसलँबाबा माझाही आहे."

अर्सेनने मंडळाच्या चौघांकडे पाहिलं. एकजण नियमाचं काहीतरी पुटपुटू लागला. "नियम घाल चुलीत!" अर्सेन गरजला. "की तू जातोस आत? जा ना, जा!" तो मागे सरकला.

मग दुपारपर्यंत, मंडळाच्या खोलीचं दार लावून, अर्सेनने पोरीला श्वास घेऊ दिला नाही. पाऊल कसं टाकायचं, मणका कसा ताठ ठेवायचा, सातव्या पावलाला उजवीकडे उतार आहे तिथे काय करायचं. "डावा खांदा पाडू नकोस! पाडलास! परत!" क्लेमांस घामाने निथळत होती. तिची आई जिस्लेन जमिनीवर बसून लोळणारा झगा चोवीस सेफ्टी पिनांनी वर टाचत होती. "अर्सेन, तिला पाणी तरी पिऊ दे," ती म्हणाली, "नाहीतर ही पुढची पिन तुलाच टोचते."

तीन वाजता घंटाघराने सूर धरला. बसगाड्या भरभरून पाहुणे आले होते. बिअर, फ्राइजच्या पुड्या, वर धरलेले फोन. ढोल वाजू लागले आणि गोसलँबाबा वळणावरून नाचत आला. अर्सेन लेऑन्सकाकाच्या खुर्चीमागे, गर्दीत, टोपी कपाळावर ओढून उभा होता.

"यंदा बाबा जरा आटला का रे?" शेजारचा खाटीक कुणाला तरी म्हणाला.

"वय झालं त्याचं," लेऑन्सकाका म्हणाला.

वेशीशी ढोल थांबले. बाबा थांबला. मग हळूच खाली बसू लागला आणि गावकरी मोठ्याने मोजू लागले. एक. दोन. अर्सेन ओठातल्या ओठात मोजत होता. पाच. सहा. सातव्या पावलाला बाबाची टोपी उजवीकडे कलली आणि अर्सेनने खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली की काका खुर्चीसकट मागे आला. टोपी सावरली. नुसती सावरली नाही, पोरीने तिथे एक छोटीशी गिरकी घेतली! कमानीखाली, वाकलेल्या गुडघ्यांवर, बहात्तर किलो घेऊन गिरकी! एकतीस वर्षांत ती घ्यायची हिंमत अर्सेनला झाली नव्हती.

अकरा. बारा.

बाबा पलीकडे ताठ उभा राहिला आणि वाल्मेर बेभान झालं. "अर्सेन! अर्सेन! अर्सेन!" सगळी वेस त्याच्या नावाने दुमदुमत होती. नावं ठेवणारा खाटीकसुद्धा. मेयरबाईसुद्धा, सवयीने.

अर्सेन ऐकत उभा राहिला. नुसतं गप्प राहायचं होतं. टोपी आणखी थोडी खाली ओढायची, संध्याकाळी घाम पुसत मंडळाच्या खोलीतून बाहेर यायचं, बस्स. बत्तिसावं वर्षही त्याच्या नावावर लागलं असतं, मंडळाने तोंड उघडलं नसतं, आणि क्लेमांसही कुणाला बोलली नसती, ती तशी पोरगी नव्हती.

त्याने बेकरीवालीची खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि टोपी काढून हवेत फिरवली.

"अरे, अर्सेन इथे आहे!" तो ओरडला. "इकडे बघा, मूर्खांनो! मी इथे आहे!"

सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या.

"आत माझी मुलगी आहे! क्लेमांस! मला जमलं नाही म्हणून गेली ती. आणि गिरकी पाहिलीत? मी नाही घेतली कधी गिरकी, या लेऑन्सनेही नाही घेतली! नाव घ्यायचं तर तिचं घ्या!"

पहिला आवाज लेऑन्सकाकाचा आला, चिरका. "क्लेमांस!" मग बेकरीवालीचा. मग सगळ्यांचा. पाहुण्यांना कोण क्लेमांस ते ठाऊक नव्हतं, तेही ओरडू लागले. जिस्लेन हुंदके देत हसत होती. अर्सेनची छाती इतकी भरून आली होती की त्याला खुर्चीवरून उतरता येईना.

पलीकडे गोसलँबाबाच्या पोटातून, झग्याच्या फटीतून, धापा टाकणारा आवाज आला.

"बाबा, गप्प बस ना! अजून सगळा चौक बाकी आहे!"

अर्सेन गप्प बसला नाही. चौकापर्यंत तो बाबाच्या पुढे लंगडत, तिचं नाव ओरडत गेला.