बांधावरचा जवस

माजघरातल्या उतरंडीवरची चार मडकी खाली उतरवून हौसानं सगळ्यात खालचं पुढं ओढलं, त्याच्या तोंडाचं फडकं सोडलं आणि आत हात घातला. हात मनगटापाशी अडायला हवा होता. तो कोपरापर्यंत गेला आणि बोटं बुडाला लागली. खाली शेर-सव्वाशेर जवस होता. बाकी मडकं रितं.

आतल्या खोलीत तिची लेक जना नऊ दिवसांची बाळंतीण होती. पाचवी होऊन गेली होती, बारसं तीन दिवसांवर आलं होतं आणि आज लाडवांना हात घालायचा होता.

उंदीर असेल, असं पहिल्यांदा तिच्या मनात आलं. मग तिनं स्वतःलाच वेड्यात काढलं. उंदीर चार मडकी उतरवून, फडक्याची गाठ सोडून, खाऊन झाल्यावर पुन्हा गाठ मारून उतरंड रचून ठेवत नाही. तेवढी रीत माणसालाच येते. शिवाय गाठ उलटी होती. ती बाईची गाठच नव्हती.

हा जवस म्हणजे काही शेतातलं पीक नव्हतं. भात निघालं की मुरबाडकडं सगळे जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात, तसा धाकलूही पेरायचा. त्या वालाच्या कडेनं, बांधाला लागून हातभर रुंद पट्टा हौसा आपल्या हातानं जवसाचा पेरायची. तिची आई घाटावरची, तिकडं ही रीतच होती. जवसाच्या रोपाला गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळं आतलं पीक वाचतं, आणि बांधावरचं जे निघेल ते घरच्या बाईचं. हौसा लग्न होऊन आली त्या वर्षी वाडीतल्या बायका ती निळी फुलं बघून हसल्या होत्या. "अळशी पेरली गो हिनं! घाट उतरली, पण खोड नाय गेली." पुढं त्याच बायका मूठ-मूठ मागायला येऊ लागल्या, तेव्हा हौसानं हसणं लक्षात ठेवलं, पण मूठ कुणाला नाकारली नाही.

विकत आणायची सोयही यंदा राहिली नव्हती. लढाईचं दुसरं वर्ष होतं. कल्याणच्या पेठेत जवस दिसला की तेलवाले म्हणे पोत्यानं उचलायचे. टोकावड्याच्या वाण्याला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, अळशी आता बोटीला रंग द्यायला जाते, पोटात जायला नाय उरत."

म्हणून हा शेर-सव्वाशेर, आणि त्याच्यावर जनाचे सवा महिन्यातले उरलेले दिवस.

जनाचं पहिलं बाळंतपण तिच्या सासरी, तानशाकडं झालं होतं. लावणीचे दिवस होते, सून माहेरी पाठवायला कोणी तयार नव्हतं. बाळंतिणीनं जड खाऊ नये म्हणून त्यांनी तिला पातळ पेजेवर ठेवली. विसाव्या दिवशी दूध आटलं. हौसा लाडवांचा डबा घेऊन पोचली तेव्हा पोर रडायलाही थकलं होतं. सवा महिना भरायच्या आधीच ते गेलं. या खेपेला हौसानं कुणाला विचारलं नाही. सातव्या महिन्यात स्वतः गेली आणि लेकीचं बोचकं उचलून घेऊन आली.

मडकं तसंच उघडं टाकून ती मागल्या दारानं बाहेर पडली. गोठ्यापुढं उन्हात कवड्या बांधला होता. अंगावर पांढरे ठिपके म्हणून कवड्या. गेला महिनाभर येणारा-जाणारा त्याच्यापाशी थांबायचा. धाकलूनं पेंढीनं घासून-घासून बैलाला रेशमासारखं केलंय, असं सगळ्या वाडीत बोललं जात होतं, आणि धाकलूही मान खाली घालून ते ऐकून घ्यायचा, जसा काही लाजतोय.

हौसा बैलापाशी गेली. ऊन त्याच्या पाठीवरून घसरत होतं. पुढ्यात घमेलं होतं, चाटून पुसून स्वच्छ, पण काठाला बुळबुळीत थर वाळला होता आणि त्यात पाच-सहा तपकिरी दाणे चिकटले होते. तिनं एक नखानं काढला. हुंगायची गरजच नव्हती.

ज्याच्या रोपाला गुरं तोंड लावत नाहीत म्हणून जो बांधावर पेरायचा, तो नवऱ्यानं मऊ शिजवून, कोंड्यात कालवून गुराच्या तोंडात घातला होता. आणि हा माणूस बावीस वर्षांत चुलीपाशी बसला होता तो फक्त विडी पेटवायला!

धाकलू खळ्यात दावं वळत होता.

"अवो, माझी उतरंड कोणी उतरवली?"

"कंची उतरंड?"

"घरात किती हायत?"

धाकलूनं दाव्याचा पीळ घट्ट केला. "दोन मुठी घेतल्या असतील गो. मुका जीव हाय."

"दोन मुठी? दीड पायली गेला!"

"म्हशाची जत्रा चार दिसांवर आली, बैलांचा बाजार भरंल. कवड्याचं वय झालंय, दात बोलतात त्याचे. अंगावर तेज असलं तर गिऱ्हाईक दाताकडं कमी बघतंय. ह्या साली गेला तर जवान बैल येईल दारात. सगळं घरासाठीच करतोय ना?"

"आणि आत निजलीय ती कोण? पाव्हणी?"

ओटीवरून सासूचा, बाईजाचा आवाज आला. म्हातारीचे कान कामाच्या वेळी बंद आणि भांडणाच्या वेळी उघडे असायचे. "गरजू नको गो एवढी. बैल घरचा हाय. लेक दिली ती परक्याची. तिच्या सासरच्यांनी बघावं तिचं."

हौसा वळली. "आत्याबाई, लेक परक्याच्या घरी दिली म्हणून परकी. मग ह्याला विकायला काढलाय, तो कुठं चाललाय? काशीला? तो बी परक्याच्याच गोठ्यात जायचा ना? मग त्याचं तेवढं घरचं कसं वो?"

म्हातारीनं पानाचा देठ दातांनी तोडला.

उरलेला जवस तिनं पदरात घेतला आणि जनाच्या खोलीत नेऊन पाळण्याखाली ठेवला. तीन मुठी तव्यावर टाकल्या. दाणे तडतडायला लागले तसं तिचं डोकंही तडतडायला लागलं. गेल्या पावसाळ्यात म्हातारीच्या पाठीला गळू झालं, तेव्हा रात्रंदिवस जवसाचं गरम पोटीस कोणी बांधलं? धाकलूच्या डोळ्यात भाताचं कुसळ गेलं, तेव्हा जवसाचा एक दाणा डोळ्यात सोडून ते बुळबुळीतात गुंडाळून बाहेर कोणी काढलं? बैलाला बद्धकोष्ठ झालं, दोन दिवस कुंथत राहिला, तेव्हा जवसाचं पाणी कोणी पाजलं? ह्याच कवड्याला! त्या वेळी हौसानं स्वतः मडक्यातून काढून दिलं होतं. आजारी होता म्हणून. आजाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. पण अंगावर चकाकी यावी म्हणून? विकायच्या जनावराला तेज आणि अंगावर पाजणाऱ्या पोरीचे ओठ फुटलेले, पाठ मोडलेली, चार दिवस पोट साफ नाही. असला न्याय तिनं कुठं ऐकला नव्हता.

तिनं भाजलेला जवस जाडसर दळला, गूळ घातला, डिंकाचे चार खडे तळून चुरले आणि सात लाडू वळले. सगळा एकदम करून चालत नाही, दळलेल्या जवसाला खवट वास येतो. दर चार-पाच दिवसांनी थोडा-थोडा काढला तर शेर-सव्वाशेर कुठवर पुरेल, याचा हिशेब तिनं केला आणि पुन्हा चिडली.

जत्रेच्या गर्दीआधीच बैल बघावा म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी टोकावड्याचा धर्मा आला. बैलांचा जाणता माणूस, त्याचा शब्द म्हशाच्या बाजारात चालायचा. त्याच्यासोबत वाडीतले पाच-सहा जण खळ्यात जमले.

"अरे धाकलू, हा बैल हाय का आरसा? ह्याच्यात बघून पागोटं बांधावं!" धर्मा बैलाभोवती दोनदा फिरला. तोंड उघडून दात बघितले, जरा थांबला, आणि पुन्हा पाठीवर हात फिरवला. हात पाठीवर गेला की तो दात विसरायचा. शेवटी भाव ठरवायला उपरण्याखाली दोघांची बोटं भेटली, दाबली, सुटली.

"ठरलं," धर्मा म्हणाला. "पण एक सांग, खायाला काय घालतोस?"

धाकलूनं गुपित राखायला हवं होतं. पण माणसं समोर होती आणि महिनाभर मान खाली घालून त्याला कंटाळा आला होता. "जवस. शिजवून, कोंड्यात. सगळ्यांना नाय जमत."

"मग तो बी दे आठ-दहा दिसांचा. नवा गोठा बघून जनावर खाणं टाकतंय. तोंडची सवय बरोबर गेली तर बरी."

"देतो की!" धाकलूनं घराकडं तोंड करून हाक मारली. "हौसा, उरलेला जवस आण गो! पाव्हण्यांना द्यायाचा हाय."

खोलीत जना भिंतीला टेकून बसली होती. तिनं आईकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "दे आय. बाचं काम होतंय."

हौसा बाहेर आली. हात रिकामे होते.

"जवस?" धाकलू म्हणाला.

"हाय."

"मग आण की."

"द्यायाचा नाय."

कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. धाकलूचे कान लाल झाले. हौसा धर्माकडं वळली. "भाऊ, तुमच्या घरी लेकी हायत?"

"तीन हायत."

"बाळंतपणाला आल्या तर खायला काय घालता त्यांना?"

धर्मानं डोकं खाजवलं. "ते बायका बघतात."

"बघतात ना? आमच्याकडं बैलाचं बी बायकाच बघतात, फक्त आमाला कळत नाय. हा जवस बाळंतिणीचा होता. माझ्या हातानं पेरलेला. आज तिचा दहावा दिस. महिनाभर तिचं ह्यानं खाल्लंय, आता तुमच्या गोठ्यात जाऊन बी तिचंच खायाचं म्हणतोय."

"हौसा, आत जा," धाकलू म्हणाला.

"जाते. पाव्हण्यांना चहा टाकायचाय."

धर्मा मात्र बैलाच्या पाठीकडं बघत होता. आता त्याचा हात तिथं जात नव्हता. "बाई, एक सांगा. जवस बंद केला तर ही झळाळी राहील का?"

धाकलूनं हौसाकडं बघितलं. बावीस वर्षांत त्यानं तिच्याकडं असं दोनदाच बघितलं असेल, काही मागताना. नाय ठाऊक, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. घरात जवान बैल आला असता. म्हातारी गप्प बसली असती. पण तिच्या डोळ्यांपुढं अजून ते चाटून पुसलेलं घमेलं होतं.

"दोन महिन्यांत उतरंल," ती म्हणाली.

धर्मानं उपरणं झटकलं आणि खांद्यावर टाकलं. "बैल वाईट नाय, धाकलू. पण मी भाव दातांचा केला नव्हता, झळाळीचा केला होता." चहाला तो थांबला नाही. खळ्याच्या तोंडापाशी मात्र घुटमळला. "बाई, माझ्या धाकटीचं चैतात हाय. थोडा मिळंल का?"

"फाल्गुनात बांधावरचा निघंल. तेव्हा या. आणि तिच्या आईला पाठवा, तुमी नको."

धाकलू कवड्याला घेऊन म्हशाला गेला तो तिसऱ्या दिवशी बैलासकट परत आला. धर्मा त्याच्या आधी पोचला होता. जत्रेत धाकलूला म्हणे सगळे 'जवसवाला' म्हणत होते. त्यानं बैल बांधला, पाणी पाजलं आणि घरात कोणाशी बोलला नाही. पाणवठ्यावर मात्र सगळे बोलत होते. शेजारची भागीरथी घागर घासता-घासता म्हणाली, "एवढं ताणायचं कशाला गो? नवऱ्याचा ठरलेला सौदा मोडलास. शेवटी लेकच ती."

"शेवटी कशाला?" हौसा म्हणाली. "पहिल्यांदा बी लेकच."

तिनं घागर उचलली. वाटभर पाणी हिंदकळत राहिलं, अंगावर सांडत राहिलं. घरी येऊन तिनं लाडवाची वाटी जनापुढं ठेवली. सकाळचा लाडू तसाच होता. कालचाही होता.

"का गो?"

जना बाळाच्या कुंचीची नाडी बोटाला गुंडाळत होती. "माझ्यामुळं बैल नाय गेला आय. बा माझ्याकडं बघत बी नाय. मी पेज पिऊन ऱ्हाईन. लोकांच्या बायका ऱ्हातातच ना."

नवऱ्याच्या चोरीनं, सासूच्या बोलण्यानं, भागीरथीच्या शहाणपणानं आलेला सगळा संताप त्या एका वाक्यापुढं फिका पडला. हे शब्द जनाचे नव्हते. कुठल्यातरी पेजेच्या वाडग्यातून ते तिच्या पोटात गेले होते, आणि तिथंच राहिले होते.

"पेज पिऊन ऱ्हायलीस एकदा," हौसा म्हणाली. आवाज चढला, तो तिनं चढू दिला. ओटीवर धाकलू होता, ऐकू दे. "काय ऱ्हायलं? सांग ना! कोण ऱ्हायलं?"

जनाचा चेहरा चुरगळला.

"आधी खा," हौसा तिच्यापुढं मांडी घालून बसली. "मग रड. रडायला बी अंगात काही लागतंय."

बाळ कुरकुरलं. जनानं त्याला अंगावर घेतलं, आणि दुसऱ्या हातानं लाडू तोंडाला लावला. डोळ्यांतलं पाणी, गूळ, जवस, सगळं एकदम चावत राहिली. हौसा उठली नाही. चुलीवर भात उतू गेला, ओटीवरून म्हातारीनं हाक मारली, तरी उठली नाही.

पहिला लाडू संपला. मग जनानं न विचारता दुसरा उचलला.