शेवटचा गोळा कुणाचा

मी एक जुनी रबरी चटई आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी पायपुसणे नव्हे. लॉन बोल्सच्या हिरवळीवर गोळा टाकणारी खेळाडू माझ्यावर उभी राहते. गोळा सोडताना तिचा एक पाय माझ्यावर असावाच लागतो, नाहीतर तो गोळा बाद.

कारखान्यात दोन रुळांमधून मी गरमागरम बाहेर पडले. नीट थंड होण्याआधीच माझ्या बाजू कापल्या, कडांना पांढरा रंग दिला आणि मला गुंडाळून टाकले. तेव्हापासून स्वस्थता कशाला म्हणतात हे मला ठाऊक नाही. या टोकाला मांडा, फेरी संपली की उचला, त्या टोकाला मांडा. दारावरच्या कुत्र्यालाही दुपारी डुलकी मिळते. मला तीही नव्हती.

खेळ दिसायला सोपा आहे. आधी जॅक नावाचा छोटा पांढरा चेंडू दूर सोडायचा. मग दोन्ही संघांनी आपापले जड गोळे त्याच्या जवळ पोचवायचे. ज्यांचा गोळा सर्वांत जवळ, ती फेरी त्यांची. पण गोळा एका अंगाला वळत जातो, सरळ टाकला तर भलतीकडेच निघतो. काही माणसांचे असते तसेच.

आमच्या क्लबात चौघींचा एक संघ होता. पहिली बेकरीवाली. मला मांडणे आणि जॅक सोडणे तिचे काम. दुसरी टपालवाली, तिसरी दातांची डॉक्टर आणि चौथी कर्णधार. कर्णधार शहरात बस चालवायची. डॉक्टर तिची धाकटी नणंद. मी चौघींना तळव्यांवरून ओळखायची. बेकरीवालीचे पाय पसरट, टपालवालीचे चुळबुळे, डॉक्टरचे खिळ्यासारखे घट्ट. कर्णधाराचे पाय मात्र एखाद्या खांबासारखे. शेवटचा गोळा तिचा असायचा, आणि हरत आलेली फेरी ती कितीदा ओढून आणायची.

मग चौघींची देशाच्या संघात निवड झाली आणि महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आमच्याच हिरवळीवर ठरली. सगळीकडे कौतुक सुरू झाले. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. कर्णधार हल्ली सगळा भार उजव्या पायावर टाकायची. क्लच दाबून दाबून गुडघा झिजलेला डावा पाय माझ्यावर नुसता टेकायचा आणि थरथरायचा. हे मला कळत होते, पण चटईला तोंड कुठे असते?

उपांत्य सामन्यात तो थरथराट वाढला. पुढे पाय टाकताना ती कळवळली आणि गोळा निम्म्या वाटेत थांबला. इतर तिघींनी सामना कसाबसा वाचवला. खोलीत आल्यावर बेकरीवालीने मला बाकाखाली ठेवले आणि दार लावले.

"वहिनी, गुडघा किती दिवस लपवणार?" डॉक्टरने विचारले.

"तू लोकांचे दात बघ. माझ्या गुडघ्यात डोकावू नकोस."

"उद्या अंतिम सामना आहे. शेवटचा गोळा जोरात मारायची वेळ आली तर?"

"तर मारीन. आयत्या वेळी जागा सोडली तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना बोलायला पत्ता लागत नाही," टपालवाली म्हणाली. "ते कुठेही पोचतं."

कर्णधार पिशवी उचलून निघून गेली. मागे तिघी उरल्या. कुणी खिडकी उघडत होते, कुणी बंद करत होते.

सकाळी बेकरीवाली मला उचलायला वाकली, तोच दुसराच एक हात आधी आला.

"राहू दे. आज चटई मी मांडते," कर्णधार म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे पहिली मी. तुम्ही दोघी एकेक जागा मागे सरका. शेवटी ही."

डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनी, मी सहज बोलले होते."

"मी सहज ऐकलं नाही."

इतक्या वर्षांत तिचे फक्त तळवे मला माहीत होते. त्या दिवशी तिने मला दोन्ही हातांनी अंथरले आणि कडेची सुरकुती अंगठ्याने सपाट केली. पहिल्या खेळाडूला गोळा हळुवार टाकायचा असतो. तेवढे तिच्या गुडघ्याला झेपत होते. गुण कधी इकडे, कधी तिकडे. शेवटच्या फेरीला दोन्ही संघ बरोबरीत होते, पाहुण्या संघाचा गोळा जॅकला जवळजवळ चिकटलेला होता आणि आमचा एकच गोळा उरला होता.

डॉक्टर माझ्यावर उभी राहिली. आणि काय सांगू, ते खिळ्यासारखे पाय नाचू लागले! टाच वर, टाच खाली, पुन्हा मागे. इतके दिवस मी सगळा दोष गुडघ्याला देत होते. शेवटच्या जागेचाही भार असतो हे मला तेव्हा कळले.

कर्णधार लंगडत जवळ आली. "खाली काय बघतेस? चटई कुठे पळून जात नाही. समोर बघ."

"चुकलं तर?"

"तर दोघी मिळून बोलणी खाऊ."

पाय स्थिरावले. गोळा सणसणत गेला, पाहुण्यांच्या गोळ्याला बाजूला सारून जॅकला धडकला. जॅक घरंगळत गेला आणि आमच्या नि त्यांच्या गोळ्यांच्या मधोमध थांबला. पंच गुडघ्यावर बसले, फीत ताणली, पुन्हा ताणली. मग त्यांनी पाहुण्यांकडे हात केला. त्यांचा गोळा नखाएवढा जवळ होता.

डॉक्टर तोंड झाकून म्हणाली, "तुमचं सोन्याचं पदक मी घालवलं, वहिनी."

"मी मारला असता तर तो तिथवर पोचलाच नसता," कर्णधार म्हणाली. मग जरा थांबून हळूच म्हणाली, "आता मला धर गं. उभं राहवत नाही." उभ्या आयुष्यात तिने कुणाकडे आधार मागितल्याचे मला तरी आठवत नाही. नणंदेने तिला कमरेत धरून बाकापर्यंत नेले. रौप्यपदके दोघींनी तिथेच बसून घेतली.

त्या गडबडीत मला कुणीतरी ओलीच गुंडाळून कोपऱ्यात खुपसले. बुरशी चढली, कडा वळल्या. नव्या चटया आल्या. ओरडणे हातात नव्हते, आत नुसती तगमग व्हायची. शेवटी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली कर्णधार मला शोधत आली. आता ती नवशिक्या बायकांना शिकवते, त्यांना माझ्यावर उभे करते आणि उन्हात वाळवल्याशिवाय मला गुंडाळत नाही.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. चटई ओली गुंडाळू नका. आणि घरात, शाळेत, संघात जिच्यावर सगळ्यांचा भार असतो, तिला मधूनमधून विचारा, "तुला जमतंय ना?" ती "हो" म्हणाली, तर जरा थांबून पुन्हा एकदा विचारा.