व्हर्नाने घेतलेलं पिस्तूल

अमेरिकेतल्या टल्सा शहरात व्हर्ना एकटीच केस कापायचं दुकान चालवायची. एका गिऱ्हाईक बाईला मारकुट्या नवऱ्यापासून पळून जायला तिने मदत केली, तेव्हापासून तो माणूस रोज दुकानासमोर गाडी लावून बसू लागला. पोलीस म्हणाले, रस्त्यावर बसणं हा काही गुन्हा नाही. शेवटी व्हर्ना आपल्या बहिणीला, ओपलला, घेऊन बंदुकांच्या दुकानात गेली.

आपल्याकडे तीनशेच डॉलर आहेत असं सांगून तिने सगळ्यात लहान आणि स्वस्त पिस्तूल उचललं. पण गोळी चढवण्यासाठी त्याचा वरचा भाग मागे खेचायला तिच्या संधिवाताच्या बोटांत जोरच नव्हता.

"मॅडम, लहान पिस्तूल खेचायला जड, आणि गोळी सुटताना धक्काही जास्त देतं," दुकानदार म्हणाला. "हे वापरलेलं बघा. जरा मोठं आहे, पण सहज खेचलं जातं. तुमच्या तीनशे डॉलरांत बसेल."

"कपड्यांखाली दिसेल की."

"सैल शर्ट घाल," ओपल म्हणाली. "नाहीतरी तुझ्या कमरेकडे कोण बघतंय?"

व्हर्नाला हसू आलं नाही. तिने तेच घेतलं आणि आठवडाभर सराव केला.

सोमवारी ते कमरेला लावून ती कामाला उभी राहिली. गाडी आली नव्हती, तरी तिची नजर काचेवरून हलेना. वीस वर्षं येणारी इर्मा नेहमीसारखी मिठी मारायला पुढे झाली, तशी व्हर्ना झटकन मागे सरकली.

"काय गं, माझं काही चुकलं का?"

"नाही गं," व्हर्ना म्हणाली. मिठीत कमरेचं पिस्तूल इर्माच्या हाताला लागलं असतं, हे तिला सांगवेना. तिने इर्माला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि आरशातून रस्त्याकडे बघत कात्री उचलली.